घराण्यात कॅन्सर आहे असं कळल्यावर डॉक्टरांनी काय करावं, आणि कोणत्या क्रमानं

जनुकीय चाचणी मागवणं आता सोपं झालंय. फॉर्म भरायचा, रक्त काढायचं, दोन-चार आठवड्यांनी रिपोर्ट हातात. म्हणूनच ती चुकीच्या माणसाची होते, चुकीच्या वेळी होते आणि तिचा रिपोर्ट चुकीचा वाचला जातो. प्रयोगशाळेच्या हातून होणाऱ्या चुका त्या मानानं थोड्या. बहुतेक गोंधळ चाचणीच्या आधी इतिहास घेताना होतो किंवा नंतर रिपोर्ट समजावताना होतो, आणि ही दोन्ही कामं आपली आहेत.

हा लेख पहिल्यांदा रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे: फॅमिली फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, जनरल सर्जन, गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्ट. जेनेटिक कौन्सेलरची, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाची, जागा तो घेत नाही. रुग्ण कौन्सेलरपर्यंत नीट तयारीनिशी पोचावा, आणि कौन्सेलर जवळपास नसेल तर निदान मोठी चूक होऊ नये, एवढंच त्याचं काम.

## सुरुवातीआधी दोन गोष्टी पक्क्या करा

कॅन्सरच्या दर शंभर रुग्णांपैकी साधारण ५ ते १० जणांमध्येच आई किंवा वडिलांकडून आलेला एखादा ठळक जनुकीय दोष सापडतो. एका घरात दोघा-तिघांना कॅन्सर झाला म्हणजे तो आनुवंशिकच, असं नसतं. कॅन्सर हा मुळात वारंवार आढळणारा आजार आहे, वय वाढेल तसा तो वाढतो, आणि एका घरातल्या माणसांच्या सवयीही सारख्या असतात. पंचाहत्तरीत आतड्याचा कॅन्सर झालेले आजोबा आणि तंबाखू खाणारे, तोंडाचा कॅन्सर झालेले काका यांना एका माळेत ओवू नका.

दुसरी गोष्ट जर्मलाइन आणि सोमॅटिक यांतला फरक. जर्मलाइन बदल जन्मापासून शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असतो, म्हणून तो रक्तात किंवा लाळेत सापडतो आणि मुलांकडे जाऊ शकतो. सोमॅटिक बदल गाठीत, नंतर तयार होतो आणि तिथंच राहतो. गाठीच्या तुकड्यावर केलेली चाचणी औषध निवडायला असते. त्या रिपोर्टात टीपी५३ या जनुकाचा बदल दिसला म्हणून नातेवाइकांना घाबरवू नका, कारण असंख्य गाठींमध्ये तो बदल गाठीपुरताच असतो. उलट, गाठीत बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ या (स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या) जनुकांचा घातक बदल दिसला तर तो जन्मजात असण्याची शक्यता चांगलीच असते. त्याची खातरजमा रक्तावर करायलाच हवी.

तपासा: हातातला रिपोर्ट रक्ताचा आहे की गाठीचा? पहिल्या पानावर नमुन्याचा प्रकार लिहिलेला असतो. तो वाचल्याशिवाय पुढचं पान उलटू नका. आणि गाठीच्या चाचणीत काही सापडलं नाही म्हणून जर्मलाइन दोष नाही, असं समजू नका. ती चाचणी त्यासाठी केलेलीच नसते.

## टप्पा १: वंशवृक्ष काढा, आणि दोन्ही बाजूंचा काढा

केसपेपरवर ‘फॅमिली हिस्टरी: नाही’ असा शिक्का मारल्यासारखा शेरा असतो. रुग्णाला विचारलेलं असतं, ‘घरात कोणाला कॅन्सर?’ त्याच्या लेखी घर म्हणजे एका छपराखाली राहणारी माणसं. तो नाही म्हणतो आणि आपण पुढे जातो.

कागद आडवा घ्या. पुरुष म्हणजे चौकोन, स्त्री म्हणजे वर्तुळ. कॅन्सर झालेल्याचं चिन्ह भरून काळं करा, मृत व्यक्तीवर तिरकी रेघ मारा, समोर बसलेल्या रुग्णाला बाण दाखवा. किमान तीन पिढ्या हव्यात. आधी रुग्णाची भावंडं आणि मुलं, मग आई आणि आईकडची सगळी माणसं, मग वडील आणि वडिलांकडची सगळी. एक बाजू पूर्ण संपल्याशिवाय दुसरीकडे जाऊ नका. आत्या, काका, मामा, मावशी ही नावं घेत विचारलंत तर ‘घरात कोणी?’ या प्रश्नातून निसटलेली निम्मी माहिती बाहेर येते.

वडिलांची बाजू सर्वांत जास्त सुटते. स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर म्हटलं की आईकडे पाहायचं, हा समज डॉक्टरांमध्येही घट्ट बसलाय. बीआरसीए१ लैंगिक गुणसूत्रावर नाही. तो सतराव्या गुणसूत्रावर आहे, बीआरसीए२ तेराव्यावर. बापाकडून मुलीकडे जाण्याची शक्यता आईइतकीच, म्हणजे ५० टक्के. वडिलांना स्वतःला काहीच झालेलं नसतं, त्यांना बहिणी नसतात, आणि घरचे म्हणतात, ‘एक पिढी सोडून येतो.’ दोष पिढी सोडत नाही. तो पुरुषामार्गे गुपचूप पुढे जातो.

प्रत्येक कॅन्सरबद्दल हे विचारा:

- नेमका कोणत्या अवयवाचा?
- निदान झालं तेव्हाचं वय. मृत्यूचं वय चालत नाही.
- एकाच स्तनात की दोन्हींत? दुसरा कॅन्सर नव्यानं झाला होता की पहिलाच पसरला होता?
- आतड्यात पॉलिप (आतल्या अस्तरावर उगवलेल्या छोट्या गाठी) सापडले होते का, अंदाजे किती?
- एखादा अवयव आधीच काढला होता का, आणि कशासाठी?
- आई-वडील एकमेकांच्या नात्यातले आहेत का? एमयूटीवायएच जनुकामुळे होणारी पॉलिपची व्याधी दोन्हीकडून दोष आला तरच होते, तिथं हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

आता नातेवाईक ज्या भाषेत सांगतात ती ऐका. ‘पोटाचा कॅन्सर’ म्हणजे जठर, मोठं आतडं, यकृत, स्वादुपिंड, अंडाशय यांतलं काहीही. ‘पोटात पाणी झालं होतं आणि सहा महिन्यांत गेली’ असं कोणी बाईबद्दल सांगितलं, तर अंडाशयाचा विचार मनात आलाच पाहिजे. ‘पिशवी काढली’ म्हणजे गर्भाशय काढलं. पण कशासाठी, आणि अंडाशयंही काढली का? चाळिशीत दोन्ही अंडाशयं निघून गेलेली बाई पुढे कॅन्सरमुक्त राहिली, याचा अर्थ तिच्यात दोष नव्हता असा होत नाही. जुन्या फायली, बायॉप्सीचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड मागवा. एक फोन करायला सांगा. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला सगळं ठाऊक असतं, तिला कोणी विचारलेलं नसतं.

इशारा: कुटुंब लहान असेल, बायका कमी असतील, माणसं तरुणपणीच अपघातानं किंवा दुसऱ्या आजारानं गेली असतील किंवा रुग्ण दत्तक असेल, तर वंशवृक्ष कोराच दिसणार. कोरा वंशवृक्ष आणि निर्धोक वंशवृक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केसपेपरवर ‘नाही’ लिहू नका, ‘माहिती अपुरी’ लिहा.

पुढच्या टप्प्यांसाठी एक उदाहरण धरून चालू. ३८ वर्षांची निरोगी बाई. आत्याला ४९ व्या वर्षी अंडाशयाचा कॅन्सर झाला. उपचार झाले, आत्या हयात आहे. वडिलांची आई ‘पोटाच्या कॅन्सरनं’ पन्नाशीत गेली. वडील ठणठणीत, त्यांना ही एकच बहीण. आईकडे काही नाही. बाई म्हणते, ‘माझी ती जीन्सची टेस्ट करून टाका.’

## टप्पा २: धोक्याच्या खुणा ओळखा

काही निदानं अशी आहेत की तिथं घराण्याचा इतिहास कोरा असला तरी जर्मलाइन चाचणीचा विचार व्हायलाच हवा. अंडाशय, बीजवाहिनी किंवा पेरिटोनियमचा (पोटाच्या आतल्या आवरणाचा) एपिथेलियल कॅन्सर, कोणत्याही वयात. पुरुषाचा स्तनाचा कॅन्सर. स्वादुपिंडाचा अॅडेनोकार्सिनोमा. पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सर. थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर, ज्यात सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत आरईटी जनुकाचा जन्मजात दोष असतो. फिओक्रोमोसायटोमा आणि पॅरागँग्लिओमा. अॅड्रिनल कॉर्टेक्सचा कार्सिनोमा. रेटिनोब्लास्टोमा, एका डोळ्यात असला तरी.

बाकीच्या ठिकाणी वय आणि घराणं मिळून ठरवायचं:

- स्तनाचा कॅन्सर पन्नाशीत किंवा त्याआधी, दोन्ही स्तनांत, किंवा ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनचे दोन रिसेप्टर आणि एचईआर२, तिन्ही नसलेला).
- मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर पन्नाशीच्या आत, किंवा एकाच व्यक्तीला दोन्ही.
- आयुष्यात एकूण १० किंवा त्याहून जास्त अॅडेनोमा पॉलिप.
- एकाच बाजूच्या तीन नातेवाइकांना एकमेकांशी संबंधित कॅन्सर.
- जठराचा डिफ्यूज प्रकार आणि स्तनाचा लोब्युलर प्रकार एकाच घरात, म्हणजे सीडीएच१ ची शंका.
- लहान वयात सार्कोमा, मेंदूची गाठ, अॅड्रिनलची गाठ, तिशीच्या आसपास स्तनाचा कॅन्सर असं चित्र, म्हणजे टीपी५३ ची शंका.

‘एकमेकांशी संबंधित’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. स्तन, अंडाशय, स्वादुपिंड, प्रोस्टेट ही एक टोळी. मोठं आतडं, गर्भाशयाचं अस्तर, अंडाशय, जठर, मूत्रवाहिनी ही दुसरी, लिंच सिंड्रोम या आनुवंशिक व्याधीची. अंडाशय दोन्हींत आहे. म्हणून आत्याच्या अंडाशयाच्या कॅन्सरवरून थेट बीआरसीएवर उडी मारू नका. आजीचा ‘पोटाचा’ कॅन्सर आतड्याचा निघाला तर दिशा बदलते.

मोठ्या आतड्याच्या आणि अस्तराच्या कॅन्सरमध्ये एक पायरी आधी असते: गाठीच्या तुकड्यावर एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ या चार, डीएनएच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या (एमएमआर) प्रथिनांची इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे ती गाठीत आहेत की गायब ते दाखवणारी तपासणी. एमएसएच२ किंवा एमएसएच६ गायब असेल तर सरळ जर्मलाइन चाचणीकडे वळा. एमएलएच१ गायब असेल तर आधी थांबा, कारण वयानुसार येणाऱ्या मिथायलेशननंही (जनुक बंद करणाऱ्या रासायनिक खुणेनंही) तसं होतं आणि ते सहसा आनुवंशिक नसतं. आतड्याच्या गाठीत बीआरएएफ जनुकाचा व्ही६००ई हा बदल किंवा मिथायलेशन पाहा. अस्तराच्या गाठीत बीआरएएफचा उपयोग नाही, तिथं मिथायलेशनच पाहावं लागतं.

तपासा: पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात शेवटच्या परिच्छेदात ‘एमएमआर डेफिशियंट’ असं लिहिलेलं असतं आणि वरची स्टेज वाचून फाइल मिटलेली असते. जुन्या फायलींत हे शोधा.

## टप्पा ३: पहिली चाचणी कोणाची, ते ठरवा

सगळ्यात महागात पडणारी चूक इथं होते. समोर येते निरोगी भाची, आणि आपण तिचंच रक्त काढतो.

समजा भाचीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. त्याचे दोन अर्थ निघतात. एक, आत्यात दोष होता पण भाचीकडे आला नाही. दोन, आत्याच्या कॅन्सरचं कारण या चाचणीत पकडता येण्यासारखं नव्हतंच. पहिल्या अर्थानं बाई मोकळी होते, दुसऱ्यानं तिचा धोका होता तसाच राहतो. भाचीच्या एकटीच्या रिपोर्टवरून यांतलं कोणतं खरं ते कधीच कळणार नाही. आपण मात्र ‘निगेटिव्ह आहे, काळजी नको’ म्हणून तिला घरी पाठवतो.

म्हणून क्रम असा: आधी ज्याला कॅन्सर झाला आहे त्याची चाचणी. असे अनेक जण असतील तर सर्वांत कमी वयात झालेल्याची, किंवा ज्याचं चित्र सर्वांत ठळक आहे त्याची. आपल्या उदाहरणात आत्याची. आत्या हयात नसती तर तिच्या गाठीचा जपून ठेवलेला ब्लॉक मिळतो का ते पाहायचं, आणि वडिलांची चाचणी करायची. दोष त्या बाजूनं यायचा तर तो वडिलांतूनच यावा लागतो. वडीलही नसतील किंवा तयार नसतील, तरच थेट भाचीची, आणि तेव्हा तिला आधीच सांगायचं की निगेटिव्ह रिपोर्टनं पूर्ण सुटका होणार नाही.

इशारा: मोठेपणी होणाऱ्या कॅन्सरच्या जनुकांसाठी लहान मुलांची चाचणी करू नका. आई-वडिलांनी आग्रह धरला तरी नाही. मूल मोठं होऊन स्वतः ठरवेल. लहानपणीच काही करायचं असतं तिथं अपवाद: एपीसी (आतड्यातले असंख्य पॉलिप), आरईटी (थायरॉइड), आरबी१ (रेटिनोब्लास्टोमा), व्हीएचएल (मूत्रपिंड, मेंदू अशा ठिकाणच्या गाठी), टीपी५३.

## टप्पा ४: रक्त काढण्याआधी बोलून घ्या

सहीचा कागद म्हणजे संमती नव्हे. पंधरा-वीस मिनिटं बसून बोला. रिपोर्ट तीन प्रकारचा येऊ शकतो हे आधीच सांगा: दोष सापडला, सापडला नाही, आणि काहीतरी सापडलं पण त्याचा अर्थ आज कळत नाही. हा तिसरा प्रकार आधी ऐकलेला नसेल तर रिपोर्टच्या दिवशी रुग्ण त्यालाच ‘पॉझिटिव्ह’ समजतो, आणि पुष्कळदा डॉक्टरही.

दोष निघाला तर पुढे काय करता येईल, ते आत्ताच सांगा. तिच्या रिपोर्टमुळे भावंडांना, मुलांना त्यांच्याबद्दल न विचारता माहिती मिळणार आहे, त्यांना कसं सांगायचं याचा विचार तिनं आधी करावा. क्वचित जन्मदात्याबद्दलचं सत्यही अशा चाचण्यांतून उघड होतं. विम्यावर काय परिणाम होतो ते देशोदेशीच्या कायद्यांवर अवलंबून आहे. ठाऊक नसेल तर चौकशी करूनच सांगा. आणि चाचणी न करण्याचा पर्यायही खरा पर्याय म्हणून समोर ठेवा.

घाई फार कमी वेळा असते. शस्त्रक्रियेचा प्रकार किंवा ओलापारिबसारखं (बीआरसीएचा दोष असलेल्या कॅन्सरवर वापरलं जाणारं) औषध रिपोर्टवर ठरणार असेल तेव्हा ती असते. एरवी रुग्णानं घरी जाऊन विचार करून यावं.

## टप्पा ५: चाचणी निवडा, नमुना पाठवा

घरात दोष आधीच सापडला असेल तर त्याच एका बदलाची चाचणी पुरते. त्यासाठी मूळ रिपोर्टची प्रत जोडा. ‘आत्याला बीआरसीए आहे’ एवढ्यावर प्रयोगशाळा काही करू शकत नाही. बदलाचं नेमकं नाव हवं, उदाहरणार्थ ‘बीआरसीए१ सी.६८_६९डेलएजी’. जुन्या रिपोर्टांत हाच बदल ‘१८५डेलएजी’ म्हणून छापलेला असतो. दोन वेगळी नावं पाहून दोन वेगळे दोष समजू नका. मात्र रुग्णाच्या दुसऱ्या बाजूलाही धोक्याच्या खुणा असतील तर एका बदलाची चाचणी पुरणार नाही, पूर्ण पॅनेल, म्हणजे अनेक जनुकांची एकत्र चाचणी, लागेल.

घरात काहीच माहीत नसेल तर पॅनेल. मोठं पॅनेल म्हणजे चांगलं पॅनेल, हा विक्री प्रतिनिधीचा युक्तिवाद आहे. जितकी जास्त जनुकं, तितके अर्थ न लागणारे बदल जास्त. वंशवृक्षाला साजेसं पॅनेल घ्या.

मागवण्याआधी प्रयोगशाळेला विचारा की मोठे डिलिशन आणि ड्युप्लिकेशन (जनुकाचा मोठा तुकडा गायब असणं किंवा दुप्पट होणं) पाहिले जातात का. फक्त अक्षरं वाचणाऱ्या चाचणीतून अख्खा एक्सॉन (जनुकाचा एक खंड) गायब असणं सुटू शकतं. पीएमएस२ साठी वेगळी पद्धत वापरतात का तेही विचारा, कारण त्याच्यासारखंच दिसणारं निष्क्रिय जनुक जीनोममध्ये आहे आणि वाचन त्यात अडकतं.

नमुन्याबद्दल दोनच गोष्टी. रुग्णाला दुसऱ्याच्या बोन मॅरोचं प्रत्यारोपण झालं असेल तर रक्तात दात्याचा डीएनए असतो, लाळेतही तो मिसळलेला असतो. त्वचेच्या पेशी वाढवून चाचणी करावी लागते. रक्ताचा कॅन्सर चालू असेल तरीही तेच.

इशारा: घरी मागवलेल्या किटचा रिपोर्ट घेऊन रुग्ण आला तर त्यावर कोणताही निर्णय घेऊ नका. अशा चाचण्या बरेचदा जनुकातले निवडक बदलच पाहतात. निगेटिव्ह असेल तर त्याला फारसा अर्थ नाही, पॉझिटिव्ह असेल तर वैद्यकीय प्रयोगशाळेत नव्या नमुन्यावर खात्री करा.

## टप्पा ६: रिपोर्ट वाचा, वंशवृक्ष शेजारी ठेवून

बदलांचं वर्गीकरण पाच पायऱ्यांचं असतं: पॅथोजेनिक, लाइकली पॅथोजेनिक, व्हीयूएस, लाइकली बिनाइन, बिनाइन. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एसीएमजी आणि एएमपी या संस्थांनी ठरवलेले निकष जगभर वापरले जातात. त्यांत ‘लाइकली’ म्हणजे ९० टक्क्यांहून जास्त खात्री. व्यवहारात पहिले दोन सारखेच वागवायचे.

पॅथोजेनिक किंवा लाइकली पॅथोजेनिक. आत्याच्या रिपोर्टात बीआरसीए१ चा असा बदल निघाला, तर पुढची वाट स्पष्ट: वडिलांची किंवा थेट भाचीची त्याच बदलासाठी चाचणी. पण जनुक कोणतं ते पाहा. बीआरसीए१ आणि सीएचईके२ यांना एकाच तराजूत तोलू नका. बीआरसीए१ असलेल्या स्त्रीला ८० व्या वर्षापर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका साधारण ७० टक्के आणि अंडाशयाचा सुमारे ४४ टक्के. बीआरसीए२ मध्ये स्तनाचा जवळपास तेवढाच, अंडाशयाचा सुमारे १७ टक्के. सीएचईके२ आणि एटीएम हे मध्यम धोक्याचे, आणि त्यांच्या नुसत्या रिपोर्टवर स्तन काढण्याचा सल्ला देणं चूक आहे.

व्हीयूएस. अर्थ न लागलेला बदल. इथं डॉक्टर सर्वाधिक घसरतात. व्हीयूएसवर शस्त्रक्रिया नाही, जादा तपासण्या नाहीत, नातेवाइकांची चाचणी नाही. रुग्णाचा सल्ला तिच्या स्वतःच्या आणि घराण्याच्या इतिहासावरून ठरवायचा, जणू तो बदल रिपोर्टात नाहीच. पुढे पुनर्वर्गीकरण होतं तेव्हा बहुसंख्य व्हीयूएस निरुपद्रवीच ठरतात. रुग्णाला एकच वाक्य सांगा: ‘हा बदल तुमच्यात आहे, तो वाईट आहे असा पुरावा नाही, आणि यावरून आपण काही करणार नाही.’ ‘थोडासा पॉझिटिव्ह’ असला शब्दप्रयोग तोंडून जाऊ देऊ नका. त्यानं रुग्णाची झोप जाते आणि नंतर तिला समजावणं दुप्पट अवघड होतं.

निगेटिव्ह. घरातला माहीत असलेला दोष या व्यक्तीत नाही, तर तो खरा निगेटिव्ह. तिचा धोका सर्वसामान्यांच्या जवळपास येतो. शून्य होत नाही, नेहमीच्या तपासण्या चालूच. हा दोष तिच्यामार्गे तिच्या मुलांकडे जाणार नाही. पण घरात दोष कोणालाच सापडलेला नसेल तर निगेटिव्ह म्हणजे ‘कारण सापडलं नाही’, एवढंच. आत्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर भाचीचा सल्ला पुन्हा वंशवृक्षावरूनच ठरतो.

तपासा: रक्तात टीपी५३ चा बदल निघाला, पण वाचनांतलं त्याचं प्रमाण ५० टक्क्यांच्या खूप खाली आहे का? वय वाढताना किंवा केमोथेरपीनंतर रक्तपेशींच्या एखाद्या गटातच असे बदल येतात, ते जन्मजात नसतात. ली-फ्रॉमेनीचं (टीपी५३ च्या जन्मजात दोषानं होणाऱ्या सिंड्रोमचं) लेबल लावण्याआधी त्वचेच्या पेशींवर खात्री करा.

## टप्पा ७: पुढचा आराखडा द्या

बीआरसीए१ असलेल्या स्त्रीला मूल-बाळ झाल्यावर ३५ ते ४० च्या दरम्यान अंडाशयं आणि बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला देतात. बीआरसीए२ मध्ये ४० ते ४५ पर्यंत थांबता येतं. नळ्या मागं ठेवून चालत नाही, कारण ‘अंडाशयाचे’ म्हणवले जाणारे अनेक कॅन्सर तिथं सुरू होतात. स्तनांसाठी २५ पासून दरवर्षी एमआरआय, ३० पासून मॅमोग्राफीची जोड. स्तन काढणं हा पर्याय आहे, सक्ती नाही. बीआरसीए२ असलेल्या पुरुषांत ४० पासून प्रोस्टेटवर लक्ष ठेवायचं. त्यांना ‘हा बायकांचा आजार’ म्हणून परत पाठवू नका.

लिंचमध्ये एमएलएच१ आणि एमएसएच२ साठी २० ते २५ वयापासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, एमएसएच६ आणि पीएमएस२ साठी थोडी उशिरा. एपीसीच्या दोषात १० ते १२ व्या वर्षापासून आतडं पाहायला लागतं. आरईटीच्या काही बदलांत थायरॉइड पहिल्या वर्षातच काढावी लागते, काहींत पाच वर्षांच्या आत. इथं बदलाचं नेमकं नावच वेळ ठरवतं. टीपी५३ मध्ये पर्याय असेल तिथं रेडिएशन टाळायचं.

इशारा: सीए-१२५ ही रक्तचाचणी आणि सोनोग्राफी करत राहणं हा अंडाशय काढण्याचा पर्याय नाही. त्यानं जीव वाचतात असं सिद्ध झालेलं नाही, रुग्णाला खोटा धीर मात्र मिळतो.

## टप्पा ८: नातेवाइकांपर्यंत पोचा

‘घरच्यांना सांगा’ असं तोंडी सांगितलं की बहुतेकदा ते तिथंच राहतं. भावाशी बोलणं बंद असतं, चुलत भावंडं परगावी असतात, आणि आत्याला ‘माझ्यामुळे’ असं वाटत राहतं. पत्र लिहून द्या. त्यात जनुकाचं नाव, बदलाचं नेमकं नाव, रिपोर्टची प्रत, कोणाला किती शक्यता आणि चाचणीसाठी कोणाकडे जायचं, एवढं असावं. जवळच्या वर्तुळापासून सुरू करा: मुलं, भावंडं, आई-वडील. ज्याच्यात दोष निघाला त्याच्या फांदीवर पुढे जा. ज्याच्यात नाही निघाला त्याची फांदी तिथं संपते.

पुरुष नातेवाइकांना यादीतून गाळू नका. मूल होऊ देण्याच्या वयातल्यांना गर्भधारणेआधी कौन्सेलरकडे पाठवा. गर्भाची निवड हा प्रश्न आहेच, शिवाय जोडीदारातही बीआरसीए२ चा दोष असेल तर मुलाला गंभीर आनुवंशिक रक्तविकार असलेला फँकोनी अॅनिमिया होण्याची शक्यता असते.

रुग्णाच्या परवानगीशिवाय तिचा रिपोर्ट नातेवाइकाला दाखवू नका, तो नातेवाईकही तुमचाच रुग्ण असला तरी.

## टप्पा ९: फाइल मिटवू नका

वंशवृक्षावर तारीख घाला. दरवर्षी भेटीत एकच प्रश्न विचारा: ‘मागच्या वर्षभरात घरात कोणाला कॅन्सरचं निदान झालं?’ आजची निरोगी बहीण उद्या चित्र बदलते. व्हीयूएस असलेल्या रुग्णांची वेगळी यादी ठेवा आणि दर एक-दोन वर्षांनी प्रयोगशाळेला विचारा की वर्गीकरण बदललं का; स्वतःहून कळवण्याची पद्धत सगळ्या प्रयोगशाळांत नसते. खूप वर्षांपूर्वी फक्त बीआरसीएची, तीही डिलिशन न पाहता केलेली चाचणी निगेटिव्ह असेल आणि घराण्याचं चित्र मात्र ठळक असेल, तर ती आजच्या पद्धतीनं पुन्हा करायला हरकत नाही. रुग्णाला मूळ रिपोर्टची प्रत द्या. सारांश नको, पानं सगळी द्या, आणि तिचा मोबाइल नंबर बदलला तर कळवायला सांगा.